स्वयंपाकाच्या ओट्याचा दगड

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भाषणाला विषय कोणता घेणार असे चिटणीसबाईंनी विचारले, तेव्हा मी ‘ओटा’ असे उत्तर दिले. त्यांना वाटले, मी दारापुढच्या ओट्याविषयी, म्हणजे संध्याकाळच्या बसण्याबोलण्याविषयी काही सांगणार. तोही विषय वाईट नाही. परंतु मला बोलायचे आहे ते स्वयंपाकघरातल्या ओट्याविषयी, आणि विशेषतः त्याच्यावर जो दगड बसवतात त्याविषयी. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण घर बांधताना ज्या जागेवर बाईचा दिवसाचा सर्वांत अधिक वेळ जायचा असतो, त्या जागेबद्दल तिला सर्वांत कमी विचारले जाते, हे मी इतक्या घरी पाहिले आहे की या विषयाला आजची ही वेळ देणे मला मुळीच वावगे वाटत नाही.

आपल्या काठी-मोलगीच्या भागात पूर्वापार घरे कुडाची, बांबूच्या भिंतींची. चूल जमिनीवर आणि बाई तिच्यापुढे बसलेली. या पद्धतीत ओट्याचे कारणच नव्हते. मग घरकुले आली. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला निदान २५ चौरस मीटर जागा ठरवली आहे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. आणि त्या जागेतच स्वच्छ स्वयंपाकाची वेगळी जागा धरलेली आहे. त्याच वर्षी १ मे रोजी उज्ज्वला योजना निघाली आणि गॅसची शेगडी डोंगरातल्या घरांतही पोहोचू लागली. आता ही शेगडी चुलीसारखी जमिनीवर ठेवता येत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. कुठे गळती झाली तर तो धुरासारखा वर न जाता जमिनीलगत पसरून राहतो. म्हणून शेगडी नेहमी सिलिंडरच्या माथ्यापेक्षा वर असावी असा नियम आहे. तेव्हा ओटा आपल्याकडे शहरी थाट म्हणून आलेला नाही, तो गॅसच्या मागोमाग गरज म्हणून आलेला आहे.

चुलीची निंदा करायला मी उभी नाही. लाकडावर भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीची चव शेगडीवर येत नाही हे मीही मान्य करते, आणि थंडीच्या दिवसांत सातपुड्यात चूल म्हणजे निम्मे पांघरूणच. जिला शक्य आहे तिने पडवीत चूल खुशाल ठेवावी. मात्र घरात ओटा घालायचा असेल, तर तो नीट घालावा.

नीट म्हणजे कसा? पुष्कळ घरी क्रम असा असतो: घरधनी आणि गवंडी बाजारात जातात, चकचकीत दगड पाहतात, भाव करतात, आणि गवंडी आपल्या सवयीच्या उंचीवर तो बसवून मोकळा होतो. बाईची नि ओट्याची पहिली भेट होते ती सिमेंट वाळल्यावर. माझे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा करावा. माप आधी घ्यावे, दगड मागून पाहावा, आणि दोन्ही वेळा बाई तिथे हजर असावी.

प्रथम उंची. शहरात काम शिकून आलेले कारागीर बहुधा ३३-३४ इंच उंची धरतात. ती सर्वांना सारखी सोयीची कशी असेल? साधी रीत सांगते. घरात जशा वावरता तशा, अनवाणी असाल तर अनवाणी, भिंतीशी ताठ उभ्या राहा. हात कोपरात वाकवून जमिनीला समांतर धरा. जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर दुसऱ्या बाईकडून मोजून घ्या आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. ही तुमच्या ओट्याची उंची. चार फूट दहा इंच उंचीच्या बाईचे कोपर साधारण ३६ इंचांवर येते, म्हणजे तिला ३१-३२ इंचांचा ओटा पुरे. तिच्यासाठी ३४ इंचांचा ओटा केला की कणीक मळताना खांदे वर उचलावे लागतात, आणि संध्याकाळपर्यंत मान भरून येते. उलट उंच बाईला ओटा ठेंगणा झाला की सारा भार कमरेवर येतो.

त्यात शेगडीचा विचार कोणी करीत नाही. शेगडी स्वतः चार-पाच इंच उंच. तिच्यावर पातेले आणखी सात-आठ इंच. म्हणजे ओटा बरोबर असला तरी ढवळणारा हात छातीपर्यंत जातो, आणि उकळत्या डाळीत डोकावायला टाचा उचलाव्या लागतात. म्हणून शेगडीपुरता भाग चार इंच खाली घ्यावा असे माझे मत आहे. गवंडी कुरकुर करील, कारण दगडाचे दोन तुकडे होतात आणि मधली पायरी पूर्ण करावी लागते. कुरकुर करू द्यावी. मात्र खाली घेतलेल्या भागात सिलिंडर ठेवू नये. तो शेजारच्या उंच भागाखाली, मोकळ्या हवेत, उभाच ठेवावा. आपला सिलिंडर दोन फुटांहून थोडा उंच असतो; त्यावर रेग्युलेटर, आणि रेग्युलेटर फिरवायला हात जाईल इतकी जागा, हे सर्व टेप लावून आधी मोजावे.

सासू-सुनेच्या उंचीत फार फरक असेल तर काय करावे, असा प्रश्न निघतो. मी उंच बाईचे माप धरीन आणि ठेंगणीच्या पायाखाली ओट्याच्या लांबीची रुंद फळी देईन. छोटा पाट देऊ नये. हातात गरम भांडे घेऊन पाटावरून उतरताना पाय चुकतो.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक घरी राहून जाते. माप घ्यायचे ते पुऱ्या झालेल्या जमिनीपासून. आज कोबा आहे आणि पुढच्या वर्षी फरशी बसवायची आहे, तर फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन इंच जमीन वर येते आणि ओटा तितका ठेंगणा होतो.

आता दगडाकडे वळू.

आपण राहतो तो डोंगरच मुळी काळ्या दगडाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून निघालेला तप्त रस थरांवर थर साचून थंड झाला, त्याचा हा दगड; शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. आपला पाटा-वरवंटा त्याचाच, जातेही त्याचेच. टाकी लावून खडबडीत केलेला हा दगड मिरची वाटायला उत्तम. मग ओट्याला हाच का नको? एक तर त्यात पुष्कळ ठिकाणी वायूच्या बुडबुड्यांची भोके राहिलेली असतात आणि त्यांत पांढरे खडे भरलेले असतात. दुसरे, त्याच्या मोठ्या, पातळ, एकसंध फळ्या सहजासहजी मिळत नाहीत. पण एक गंमत सांगते. नंदुरबारपासून धुळ्याकडे जाताना मैदानात लांबच लांब, सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडाच्या अरुंद टेकड्या दिसतात. कोणी मुद्दाम बांध घातल्यासारख्या. जमिनीच्या भेगांत तोच तप्त रस शिरला, आत सावकाश थंड झाला आणि घट्ट दाण्याचा दगड बनला. भोवतालची जमीन झिजली आणि तो उघडा पडला. दुकानात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून जे विकतात, त्यातले पुष्कळसे दगड खरे पाहता ग्रॅनाइट नसून याच जातीचे असतात. तेव्हा दुकानदार काळ्या दगडाचे फार कौतुक सांगू लागला तर दबून जाऊ नये. त्याचे भाऊबंद आपल्या परसात आहेत.

बाजारात नावे अनेक ऐकाल, पण ओट्याच्या कामापुरती दगडाची दोनच कुळे ध्यानात ठेवली तरी भागते. एक चुनखडीचे कूळ. संगमरवर, मग तो मकराण्याचा का असेना, कर्नाटकातली शहाबादी फरशी, राजस्थानातला कोटा, आणि आंध्रातून येणारा काळा कडप्पा, ही सर्व या कुळातली. दुसरे अग्नीचे कूळ: ग्रॅनाइट आणि त्याच्या जोडीने विकले जाणारे काळे दगड. चुनखडीच्या कुळाचे वैर आंबट पदार्थांशी आहे. लिंबू, चिंच, ताक, कोकम यांतले आम्ल त्या दगडाला खाते, पॉलिश जाते, आणि तिथे निस्तेज डाग राहतो. हा डाग घासून निघत नाही, कारण तो वर बसलेला नसतो. दगडच तेवढा झिजलेला असतो.

आपल्याकडे या गोष्टीला महत्त्व अधिक का आहे? आमचूर. उन्हाळ्यात धडगाव-मोलगीकडच्या घरोघरी कैऱ्यांचे ढीग पडतात, सोलणे-चिरणे चालते, फोडी वाळत पडतात. कैरीचा रस दिवसभर ज्या दगडावर सांडणार, तो दगड संगमरवर असला तर एका हंगामात त्याचे तोंड उतरेल. पुण्या-मुंबईच्या बाईने पांढरा संगमरवर घेतला तर ती निदान लिंबाचे दोन थेंब पुसून काढू शकते. पाट्या भरभरून कैरी चिरणाऱ्या बाईने तो घेऊ नये. संगमरवराचा सोस फारच असेल तर देवघरात लावावा.

कडप्प्याविषयी मात्र मी इतकी कठोर होणार नाही. तो चुनखडीच्या कुळातला आहे, त्याला आम्ल लागते, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि कोपरा आपटला तर टवका उडतो. पण तो स्वस्त आहे, काळा असल्यामुळे डाग झाकतो, आणि ओट्याखालच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांना त्याच्याइतका सोयीचा दगड नाही. पैसे बेताचे असतील तर वरही कडप्पाच घालावा, आणि कैरी, लिंबू चिरायला लाकडी पाट घ्यावा. कर्ज काढून ग्रॅनाइट घालण्यापेक्षा ते शहाणपणाचे.

ग्रॅनाइट घ्यायचे ठरले तर दुकानात जाताना पिशवीत चार वस्तू टाका: एक लिंबू, पाण्याची बाटली, पांढरे फडके आणि नखांचा रंग काढायचे औषध. ही शेवटची वस्तू पाहून घरची मंडळी हसतील, पण ती फार कामाची आहे. फिकट दगडाला काळा रंग पाजून ‘अस्सल काळा’ म्हणून विकण्याची चलाखी बाजारात चालते. फडक्यावर ते औषध घेऊन दगड जोराने चोळा. फडके काळे झाले तर दगड रंगवलेला आहे. लिंबाची फोड कोपऱ्यावर रात्रभर ठेवता आली तर उत्तम; दुकानदार मोडका तुकडा घरी न्यायला देतो, अवश्य मागावा. सकाळी डाग पडलेला दिसला तर तो चुनखडीचा किंवा चुनखडी मिसळलेला समजावा. पाण्याचा थेंब ठेवून पाव तास थांबावे. थेंबाखाली दगड गडद झाला तर तो पाणी पितो, आणि जो पाणी पितो तो तेलही पितो. शेवटी फळीवर पाणी ओतून ते वाळू द्यावे. आपल्या डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर तिच्यातले पाणी उशिरा वाळते आणि गडद रेघ मागे राहते. अशी फळी निम्म्या किमतीत दिली तरी घेऊ नये, कारण ती नेमकी मोरीच्या भोकापाशी मोडते.

रंगाविषयी थोडेसे. आजकाल सगळ्यांना कुळकुळीत काळा हवा. पण घरकुलाला स्वयंपाकाच्या बाजूने बहुधा एकच खिडकी असते. काळा ओटा तिथला निम्मा उजेड गिळतो, आणि त्याच्यावर पिठाचा प्रत्येक कण, पाण्याचा प्रत्येक ठिपका दिसतो. अगदी पांढऱ्यावर हळद-मिरची दिसते. म्हणून मी करडा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा दगड सुचवते. तो बहुधा स्वस्तही असतो. जाडी पाऊण इंच, म्हणजे १८-२० मिलिमीटर असावी. त्याहून पातळ फळी दाखवली तर ती भिंतीला लावायची असते.

भाव चौरस फुटावर ठरतो खरा, पण फसवणूक होते ती इतर ठिकाणी. कडेची गोलाई फुटावर वेगळी मोजतात, मोरीचे भोक वेगळे, बसवण्याची मजुरी वेगळी. आणि वाया गेलेल्या तुकड्यांचे पैसेही आपल्याच माथी येतात. हे सर्व आधी कागदावर लिहून घ्यावे. उरलेले तुकडे आपल्या मालकीचे. ते घरी आणावेत. हंडे ठेवायला, उंबऱ्याला, खिडकीच्या तळाला ते कामाला येतात.

येथे मला अशा एका गोष्टीविषयी बोलायचे आहे, जी दुकानदार सांगणार नाही आणि गवंडीही बहुधा सांगत नाही. ग्रॅनाइट कापताना जो पांढरा धुरळा उडतो, त्यात गारगोटीची बारीक पूड असते. गारगोटी म्हणजे तीच, जिच्यावर आपले वाडवडील ठिणगी पाडीत. ही पूड इतकी सूक्ष्म असते की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथे व्रण धरू लागतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो पूर्ण बरा करणारे औषध नाही. त्यात क्षयही लवकर जडतो, आणि पुष्कळदा तो केवळ क्षय समजून औषधे दिली जातात.

हे दूरचे दुखणे नाही. नर्मदेपलीकडच्या अलिराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर, म्हणजे आपलेच सोयरेधायरे म्हणावेत असे लोक, गुजरातमध्ये गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. ऐन तारुण्यात ते दम लागून परतू लागले आणि एकामागून एक गेले. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. २०१६ साली न्यायालयाने २३८ मृत मजुरांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. नवरा-बायको दोघेही गेलेली घरे त्या भागात आहेत. आणखी एक उदाहरण परदेशातले. गारगोटीची पूड आणि रसायनी चीक मिसळून कारखान्यात तयार केलेल्या फळ्या ‘क्वार्ट्झ’ या नावाने श्रीमंत घरांच्या ओट्यांसाठी विकल्या जातात. त्यांत नव्वद टक्क्यांच्या वर गारगोटी असू शकते. त्या कापणाऱ्या तरुण कारागिरांना हा रोग इतका जडू लागला की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवणे, विकणे आणि बसवणे यांवर बंदी घातली. आपल्याकडे हा दगड अजून महाग आहे म्हणून फारसा येत नाही. उद्या स्वस्त झाला तरी घेऊ नये असे मी स्पष्ट सांगते. त्याला गरम तवाही सोसत नाही.

ग्रॅनाइट टाकून द्या असे मी म्हणत नाही. त्यात गारगोटी असते ती पाव हिश्शाच्या मागेपुढे, आणि धोका बसवलेल्या दगडात मुळीच नाही, तो कापण्यात आहे. म्हणून कापण्याची रीत बदलावी. ओट्याचे आणि मोरीच्या भोकाचे माप जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कापून घ्यावे आणि तो पुठ्ठाच दुकानात न्यावा. तिथे पाण्याच्या धारेखाली चालणारे मोठे यंत्र असते. मोठे काप, भोक, कडेची गोलाई सारे तिथेच करून आणावे. घरी फक्त किरकोळ घासणे उरते. तेही उघड्यावर, दगड ओला ठेवून करावे. विजेचे यंत्र आणि पाणी एकत्र येते म्हणून ओल्या कामासाठी केलेलेच यंत्र वापरायला सांगावे. तोंडाला रुमाल बांधून ही पूड अडत नाही. औषधाच्या दुकानात एन-९५ नावाची मुखपट्टी मिळते, तिच्या चार-पाच घेऊन ठेवाव्यात आणि कारागिराच्या हातात द्याव्यात. तो ‘सवय आहे, काही होत नाही’ म्हणेल. तरी द्याव्यात. पोरांना त्या वेळी शेजारी पाठवावे. पडलेली पूड केरसुणीने झाडू नये, पाणी शिंपडून ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. तो कारागीर आपल्या घरी एक दिवस असतो, पण वर्षाचे तीनशे दिवस तो कुणा ना कुणाच्या घरी हेच करीत असतो.

दगड आणण्याविषयी. एका चौरस फुटाचे वजन साडेचार ते पाच किलो भरते. म्हणजे दहा फुटांचा ओटा सुमारे शंभर किलोंचा. अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने जीप वर येईपर्यंत त्याला किती हिसके बसतात हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. फळी कधी आडवी ठेवून आणू नये. कडेवर उभी, बाजूला टेकून, मध्ये पेंढा किंवा गोणपाट घालून, दोरीने आवळून आणावी. उचलतानाही उभीच उचलावी. घरी आल्यावर पुन्हा पाणी टाकून चीर पाहावी आणि मगच उरलेले पैसे द्यावेत.

बसवण्याचे काम पुरुषांचे म्हणून आपण आत जाऊन बसू नये. चार गोष्टी उभे राहून पाहाव्यात. खालच्या कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या दोन-अडीच फुटांपेक्षा लांब नसाव्यात, आणि मोरीच्या दोन्ही बाजूंना एकेक असलीच पाहिजे. वरच्या दगडाखाली माल सलग भरलेला असावा; कोपऱ्यांवर गोळे ठेवून मध्ये पोकळी राहिली तर वर भांडे आपटताच दगड तडकतो. बोटाच्या पेराने ठोकत गेले की पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो, तो आपल्या कानांना चांगला कळतो. मडके पारखण्याची सवय आहे. पाणसळ लावून घ्यावी. ओट्याला मोरीच्या दिशेने अगदी किंचित उतार असावा, भिंतीकडे मुळीच नसावा. दगडाची पुढची कड खालच्या पट्ट्यांच्या एक इंच पुढे काढावी, आणि तिच्या खालच्या अंगाला एक उथळ खाच मारून घ्यावी. सांडलेले पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडते, आत झिरपत नाही. ही खाचही दुकानातच मारून घेतलेली बरी. खाली पावलांना तीन इंच जागा आत सोडली तर ओट्याला बिलगून उभे राहता येते. नाहीतर अंगठे आपटतात आणि बाई नकळत वाकून काम करू लागते.

ज्यांच्या घरी नळ नाही त्यांनी मोरीच्या शेजारी दाराकडच्या टोकाला कमरेइतक्या उंचीवर दोन फुटांची वेगळी फळी घालावी. डोक्यावरचा हंडा तिच्यावर न वाकता उतरतो. ही सोय मला ओट्याहूनही मोलाची वाटते, आणि ती उरलेल्या तुकड्यांत होते.

काम झाल्यावर आठवडाभर सांध्यांवर पाणी मारावे आणि ओट्यावर जड काही ठेवू नये. म्हणूनच सांगते, होळीच्या आधीच्या आठवड्यात गवंडी बोलावू नका. काठीची राजवाडी होळी पाहायला लांबून माणसे येतात, प्रत्येक घरी पाहुणे असतात, आणि ओल्या मालावर पंचवीस माणसांचे पातेले चढते. दिवाळीनंतर, पाहुण्यांची गर्दी नसताना काम काढावे.

भाषणानंतर दोघीतिघींनी प्रश्न विचारले, त्यांची उत्तरेही चिटणीसबाईंनी लिहून घेतली आहेत, म्हणून येथे देते.

पाटा ओट्यावर ठेवावा का, असे एका मावशीने विचारले. ठेवू नये. वाटताना सारा जोर पुढे-मागे जातो, आणि पाट्याखाली ग्रॅनाइटची पाऊण इंच फळी टिकत नाही. पाटा जमिनीवरच बरा. उभ्याने वाटायचेच असेल तर त्याच्यापुरता विटांचा भरीव चौथरा ओट्याच्या टोकाला बांधावा. तो कोपरापेक्षा आठ-दहा इंच खाली असावा, म्हणजे अंगाचा भार वापरता येतो.

ओट्यावर लाकडाची चूल मांडली तर चालेल का? थेट दगडावर मुळीच नाही. एकाच जागी विस्तव तापत राहिला की ग्रॅनाइटही तडकतो. खाली विटांचा थर आणि त्यावर मातीचा जाड लेप हवा, आणि वर धूर जायला वाट हवी. त्यापेक्षा चूल पडवीतच राहू द्या.

तिसरा प्रश्न एका नव्या सुनेचा होता. घरकुलाचे पैसे भिंतींतच संपले, ओट्याला आता काही उरले नाही, तर काय करावे? तिने आपले माप घेऊन ते चुन्याने भिंतीवर लिहून ठेवावे. आत्ता विटांच्या किंवा कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या आणि वर कडप्प्याची एक फळी एवढेच करावे, पण ती फळी ठरलेल्या मापापेक्षा सव्वा इंच खाली बसवावी. पुढे कधी पैसे आले की तिच्याच वर थोडा माल आणि पाऊण इंचाचा ग्रॅनाइट बसतो. काही तोडावे लागत नाही, आणि उंची बरोबर तिच्या कोपराला येते.